साहेब गैरहजर, गुन्हेगार हजर

१

मानवजातीच्या इतिहासात साहेब बेपत्ता झाले की काहीतरी भयंकर घडतं. सिंहासनं रिकामी पडतात, खजिने लुटले जातात, सैन्यं दिशा विसरतात आणि इतिहासकारांच्या पुढच्या कित्येक पिढ्यांच्या पोटापाण्याची सोय होते.

भिवंडीच्या कासार आळीत टेंब्यांचे साहेब बेपत्ता झाले, तेव्हा त्यांच्या वाटीतलं दूध मांजर पिऊन गेलं.

साहेब म्हणजे टेंब्यांचा कुत्रा. जातीने पॉमेरियन, रंगाने पांढरा, आकाराने उशी. अण्णा टेंबे तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. सगळी नोकरी "हो साहेब" आणि "आलो साहेब" यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुत्रा आणला आणि त्याचं नावच साहेब ठेवलं. "साहेब, खाली बस," असं ते पहिल्यांदा म्हणाले आणि साहेब खरोखरच खाली बसले, त्या दिवशी आपण खरे निवृत्त झालो असं त्यांना वाटलं.

गेल्या पावसाळ्यात अण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलं. बायको माईंनी सांगितलं म्हणून अण्णा चालले नाहीत, मुलगा केदार ओरडला म्हणून चालले नाहीत, सून यामिनीने बूट आणून दिले ते त्यांनी कपाटावर ठेवले. मग एके सकाळी साहेब साखळी तोंडात धरून दारात उभे राहिले. अण्णा निमूट उठले आणि वऱ्हाळा तलावाच्या दिशेने चालू लागले. साहेबाने सांगितलं की उठायचं, ही सवय जुनी होती.

मंगळवारी साहेब नाहीसे झाले आणि अण्णा खुर्चीत बसले ते बसलेच. जेवण अर्धं पानात, गोळ्या उशीखाली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "तो कुत्रा शोधा. नाहीतर अण्णांना पुन्हा माझ्याकडे आणावं लागेल, आणि या वेळी मी शब्द देणार नाही."

म्हणून गुरुवारी सकाळी टेंब्यांनी समोरच्या आसावरी गद्र्यांना बोलावलं. आसावरीताई भिवंडी कोर्टातल्या निवृत्त स्टेनो. लोक बोलायला लागले की त्यांचं बोट अजूनही गुडघ्यावर लघुलिपीत चालू लागे. आयुष्यभर खोटं शब्दशः उतरवून घेतल्यामुळे खरं ऐकलं की मात्र ते अडखळत असे. आळीत कुणाची कढई हरवली तरी लोक त्यांच्याकडे जात. कढई सापडत नसे, पण कुणी नेली ते कळे.

"शोध कुठे कुठे घेतलात?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे," केदार म्हणाला. "मंडईत जाऊन 'साहेब, साहेब' अशा हाका मारल्या, काकू. अर्धी मंडई 'बोला' म्हणाली. पोस्टरं लावली. पांढरा, केसाळ, अत्यंत देखणा, फोटोसकट. आणि नेटवर वाचलं की मालकाचा न धुतलेला कपडा दारात ठेवावा, वासावर कुत्रं परत येतं. अण्णांचा सदरा ठेवलाय मागच्या पडवीत."

"आलं ना कुत्रं," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "साहेब नाही, दुसरंच. लूत लागलेलं. पिवळट, उघडंनागडं, उंदरासारखं तोंड. बिनधास्त माझ्या सदऱ्यावर अंग टाकून झोपलेलं! मी इथूनच काठी आपटली तर ते उठून माझ्याकडेच यायला लागलं. मग उगारलीच. तेव्हा कुठे गेलं."

"कधी?"

"काल संध्याकाळी. आज नाही आलं."

अण्णांच्या डोळ्यांवर वाचायचा चष्मा होता. वाचताना ते तो काढून ठेवत आणि लांबचं बघायचं असलं की लावत.

आसावरीताई उठल्या. दाराशेजारच्या खुंटीवर एक लाल पट्टा लटकत होता. त्यावर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर टेंब्यांचा फोन नंबर. कुत्रा हरवू नये म्हणून जगातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी जो उपाय सांगितला आहे, तो तिथे खुंटीवर सुरक्षित होता.

"साहेबाच्या गळ्यातून हा पट्टा कधी काढता?"

"आंघोळीलाच," अण्णा म्हणाले. "एरवी कधीच नाही."

"मंगळवारी आंघोळ कुणी घातली?"

कुणीच घातली नव्हती.

आसावरीताईंनी पट्टा हातात घेऊन बघितला. फाटकातून पळालेला कुत्रा जाताना गळ्यातला पट्टा सोडवून खुंटीला लावून जात नाही. निदान भिवंडीत तरी नाही.

२

कोर्टात माणूस चोरीच्या बैलावर बसलेला सापडला, तरी बैल माझ्या खाली आपणहून आला असं सांगतो. टेंब्यांच्या घरात भलतंच निघालं. आसावरीताईंनी एकेकाला आतल्या खोलीत बोलावलं, आणि प्रश्न विचारायच्या आधीच माणसं कबूल व्हायला लागली.

पहिला केदार. काल्हेरच्या एका गोदामात तो मॅनेजर होता.

"काकू, मीच तो. ड्युटीला निघताना फोनवर होतो, फाटक ओढलंच नाही. साहेब माझ्यामुळे गेला. अण्णांना काही झालं तर..." त्याने केसांतून हात फिरवला, पण अगदी हलका, पाहुण्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"रडू नकोस. आणखी काही?"

"आणखी म्हणजे, त्या लूत लागलेल्यालाही मी चप्पल फेकून मारली. साहेबाचं पोस्टर चिकटवत होतो तर येऊन माझ्या पायांत घोटाळायला लागलं. शेपूट काय हलवत होतं! वर पोस्टरकडे बघत होतं. आपण साहेबाला शोधतोय आणि हे मधे कडमडतंय, म्हणून राग आला. आता त्याचंही वाईट वाटतंय. परवापासून मला सगळ्याचंच वाईट वाटतंय."

"आई काय म्हणते?"

"आई माझ्याशी दिवाळीपासून नीट बोलतच नाही. केसांवरून."

"कुणाच्या केसांवरून?"

"माझ्या. ती म्हणाली, काढ सगळे. मी म्हटलं, आई, आत्ताच तर लावून घेतलेत! मानेवरचे उचलून पुढे बसवलेत. डॉक्टर म्हणालेत, वर्षभर टॉवेलसुद्धा जपून वापरा. तर म्हणाली, बापापेक्षा केस मोठे झाले का. आता यात बापाचा काय संबंध?"

आसावरीताईंचं बोट गुडघ्यावर अडखळलं. पोरगा खरं बोलत होता.

मग यामिनी. ती दारातच म्हणाली, "काकू, मीच गुन्हेगार. भाजीवाल्याकडे धावले, कडी राहिली. आणि खरं सांगू? त्याच सकाळी तो सोफ्यावर ओल्या पायांनी चढला म्हणून मी त्याला म्हटलं होतं, जा बाबा कुठेतरी एकदाचा. गेला! माझी जीभच काळी." तिने पदराने डोळे पुसले. "अण्णांसमोर जायची हिंमत होत नाही."

"ते लूत लागलेलं कुत्रं तूही बघितलंस का गं?"

"बघितलं म्हणजे? सगळ्यात आधी मीच बघितलं! मंगळवारी दुपारी सरळ मागच्या पडवीत, मोरीपाशी उभं. आपल्याच घरी आल्यासारखं. मी बादलीभर गार पाणी ओतलं अंगावर. गेलं, पण काकू, जाताना असं बघितलं ना माझ्याकडे, की जसं काही माझंच चुकलं."

"मंगळवारी दुपारी. साहेब गेला तेव्हाच."

"हो ना. एकाचं दुःख करावं तर दुसरं दारात."

बोट पुन्हा अडखळलं.

शेवटी माई आल्या. ताठ बसल्या, समोरच्या कॅलेंडरवर नजर लावली आणि एका दमात म्हणाल्या, "फाटक मीच उघडं टाकलं, मंगळवारी दुपारी मी भजनाला गेले होते, जाताना कडी लावायला विसरले, तेवढ्यात साहेब बाहेर गेला असणार, चूक माझी आहे, केदारला आणि यामिनीला बोलू नका."

एकच फाटक तीन माणसांनी उघडं टाकलं होतं. पैकी दोघांची कबुली उतरवताना बोट ठेचकाळत होतं. माईंची कबुली मात्र ते सरसर उतरवून मोकळं झालं. कुठे म्हणता कुठे थांबलं नाही.

"भजनाला किती जण होते, माई?"

"नेहमीचेच."

"बरं," म्हणून आसावरीताई उठल्या.

कासार आळीतलं भजन बुधवारी असतं. आसावरीताई स्वतः त्यात पेटी वाजवत.

३

आळीच्या तोंडाशी रिक्षा लावून चिंधू बसलेला होता. चिंधू अंजूरचा. शेत होतं तिथे आता गोदाम झालं होतं, आणि चिंधू त्याच गोदामाच्या माणसांना रिक्षातून ने-आण करत होता. माईंना कुठेही जायचं असलं तर त्या त्याच्याच रिक्षाने जात.

"चिंधू, मंगळवारी माईंना कुठे नेलं होतंस?"

"त्या सांगू नको म्हनल्यात, ताई. शपथ घातली हाय."

"मी विचारलं तर सांगशील?"

"न्हाय."

"मग मी विचारत नाही. तू आपला नेहमीसारखा गप्पा मार."

चिंधूने थोडा वेळ कळ काढली. गप्प बसायचा शब्द त्याने आधीही पुष्कळांना दिला होता, आणि त्या सगळ्यांना त्याचा अनुभव होता.

"आता तुमी विचारत न्हाय म्हनून सांगतो," तो म्हणाला. "अकलोलीला गेलतो. गरम कुंडाकडं. जावळ व्हतं ना."

"जावळ?"

"बाळाचं. नवस व्हता माईंचा वज्राईदेवीला. टोपलीत बाळ घेऊन बसल्या, वरनं शाल. काय गुनी पोर हाय वो ताई! एवढा रस्ता, एवढं खड्डं, जराबी रडला न्हाय. एक डाव भुकला फक्त."

"भुंकला?"

"तसलाच आवाज. मी दचाकलो. माई म्हनल्या, डांग्या खोकला झालाय त्याला. मी म्हनलं, मग कुंडात चांगली आंगोळ घाला, उतरल."

"तू बाळ बघितलंस का?"

"न्हाय! जावळाच्या आदी परक्याची नजर लागती म्हनल्या. मी हाय तो रिक्षातच बसलो. येताना टोपलीतनं हळदीचा वास येत व्हता. मागच्या दारी सोडली मी त्यास्नी." चिंधू हसला. "केदारभाऊंनी पेढं दिलं न्हायत पन अजून. मुलगा झाला आन् आळीत कुनाला पत्ता न्हाय. मोठी मान्सं, त्यांचं कायबी असू शकतं."

आसावरीताई परत फिरल्या. टेंब्यांच्या घरातलं सगळ्यात लहान माणूस म्हणजे यामिनी. तिला तिशी उलटून गेली होती, आणि तिचे केस कमरेपर्यंत शाबूत होते.

मग जावळ काढलं कुणाचं?

४

माई स्वयंपाकघरात परातीत भिजलेले वाल घेऊन सोलत बसल्या होत्या. आसावरीताई समोर बसल्या आणि न बोलता त्याही सोलायला लागल्या. बिरड्याचे वाल सोलताना माणसाला मान वर करावी लागत नाही. त्यामुळे पुष्कळ गोष्टी बोलता येतात.

"माई, एक विचारू? रस्त्यावरच्या कुत्र्याला हळद कोण लावतं?"

माईंच्या चिमटीतला वाल निसटून चुलीखाली गेला.

"ते खरजेने पिवळं झालेलं नव्हतं," आसावरीताई म्हणाल्या. "वस्तरा लागला तिथे कुणीतरी मायेने हळद लावली होती. लूत नव्हती, भादरलेलं होतं. मंगळवारी दुपारी ते मागच्या दारी आलं, कारण चिंधूने तुम्हाला मागच्या दारीच सोडलं. ते सदऱ्यावर झोपलं, कारण सदरा त्याच्या माणसाचा होता. आणि पट्टा खुंटीवर आहे, कारण तुम्ही तो पर्समधून काढून सवयीने जागच्या जागी लावलात. तुमच्या घरात हीच एक अडचण आहे. वस्तू फार नीट ठेवता."

माईंनी वाकून चुलीखालचा वाल काढला. मग म्हणाल्या, "दार लोटून घ्या."

आसावरीताईंनी लोटलं.

"ऑपरेशनच्या वेळी," माई हळू आवाजात म्हणाल्या, "आत नेलं ह्यांना, आणि तो दिवा लागला दारावर. केदारला मी चहा आणायला पिटाळलं. मग हात जोडले. म्हटलं, आई, ह्यांना घरी पाठव. आमच्या घरातल्या कर्त्या पुरुषाचे केस तुझ्या दारी उतरवीन. त्या वेळी कर्ता पुरुष म्हणजे कोण, हे काही मनात नव्हतं हो. घाईत माणूस बोलून जातो."

"आणि अण्णा घरी आले."

"आले. मग मी ह्यांच्या डोक्याकडे बघितलं."

दोघींनीही एक एक वाल सोलला. अण्णांचं डोकं कचेरीतल्या पेपरवेटइतकं गुळगुळीत होतं.

"शिवाय ह्यांना नवस म्हटलं की राग. म्हणतील, ऑपरेशन डॉक्टरने केलं, केस देवीला कसले? म्हणून केदारच्या मागे लागले. त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि पळाला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. रोज ह्यांनी छातीवर हात ठेवला की माझा जीव जाई. नवस राहिलाय, नवस राहिलाय. मग विचार केला, या घरात कर्ता पुरुष आहे तरी कोण? कुणाच्या वेळेने सगळे उठतात? कुणाला विचारल्याशिवाय गावाला जाता येत नाही? दारात कुणी आलं तर आधी कोण बोलतं? आणि ह्यांना रोज चालायला नेऊन जिवंत ठेवलंय कोणी?" माईंनी पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही कोर्टात होतात. सांगा बरं, शब्दात कुठे चूक आहे?"

"शब्दात नाही," आसावरीताईंनी मान्य केलं. "न्हावी तयार झाला?"

"आधी नाही म्हणाला. मग विचारलं, नाव काय? मी म्हटलं, साहेब. म्हणाला, साहेबाला भादरायची संधी परत कुठे मिळायची, बसवा त्यांना. दोन ठिकाणी लागलं जरा. मी हळद लावली. पोरगं बिचारं हूं की चूं करत नव्हतं." माई सोललेलाच वाल पुन्हा सोलायला लागल्या. "घरी आल्यावर पडवीत सोडलं आणि लुगडं बदलायला आत गेले. ह्यांना काय सांगायचं ते जुळवत होते. कुत्र्यांच्या डॉक्टरने भादरायला सांगितलं, उष्णता झाली होती, असं काहीतरी. बाहेर आले तर नाही."

"यामिनीने बादलीभर गार पाणी ओतलं. पुढे केदारने चप्पल मारली."

"ते मला माहीतच नव्हतं! मला वाटलं, माझ्यावर रुसून गेला. दोन दिवस उन्हात गल्लीगल्ली शोधत फिरले. पांढऱ्या कुत्र्याची पोस्टरं बघत होते. असं वाटे, ओरडून सांगावं की अरे, पांढरा नाहीये तो आता! पण मग का नाही, ते सांगावं लागलं असतं. सकाळी नाही सांगितलं म्हणून दुपारी सांगता येईना, दुपारी नाही म्हणून संध्याकाळी. मी दिवसभर बाहेर शोधत होते, आसावरीताई, आणि तो दिवसभर घरी येत होता."

"आणि काल?"

"काल दिवे लागायच्या वेळी घरी आले तर हे सांगतात, सदऱ्यावर एक कुत्रं झोपलं होतं, काठी उगारली. धावत मागे गेले. सदरा होता. तो नव्हता." माईंनी परात बाजूला सारली. "आता कसं सांगू? माझी चूक मी सांगेन हो, दहा वेळा सांगेन. पण ते सांगितलं की ह्यांना कळणार, साहेब दारात आला होता आणि ह्यांनीच त्याला... सगळ्यांचं सोसलं त्याने. पाणी, चप्पल. तरी परत परत येत होता. ह्यांच्या काठीनंतर नाही आला. हे ऐकून ते हृदय चालेल का?"

गुडघ्यावरचं बोट केव्हाच थांबलं होतं.

"तुम्ही नाही सांगितलंत तरी ते बंद पडायच्याच बेतात आहे," आसावरीताई म्हणाल्या. "खुर्चीत बसून. तेव्हा सांगायचं कसं ते तुम्ही बघा, कुठे शोधायचं ते मी बघते. भिवंडीची थंडी ती काय, पण ती केस असलेल्यांसाठी. अंगावर केस नाहीत, वर गार पाणी. अशा प्राण्याला ऊब लागणार, आणि आळीच्या जवळच लागणार, कारण त्याने घर सोडलेलं नाही. घराने सोडलंय. मागच्या कापडाच्या लूमच्या शेडमध्ये सुताच्या कचऱ्याचे ढीग असतात. गादीपेक्षा मऊ."

"तिथे तर केदारने हाका मारल्या! काही ऐकू आलं नाही."

"लूम चालू असताना तिथे स्वतःची हाकसुद्धा स्वतःला ऐकू येत नाही." आसावरीताई उठल्या. "पण उद्या शुक्रवार आहे."

५

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. खटखट थांबते आणि गाव अचानक बहिऱ्या माणसाला ऐकू यायला लागल्यासारखं होतं. भांडी घासल्याचं ऐकू येतं, शेजारच्यांची भांडणं ऐकू येतात. सवयीने सगळे ओरडूनच बोलत राहतात, आणि मग एकमेकांकडे बघून लाजतात.

सकाळी माईंनी अण्णांना सगळं सांगितलं. काय शब्दांत, ते आसावरीताईंना कळलं नाही. त्या दारापाशी पाठ करून उभ्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं बोलणं त्यांना उतरवून घ्यायचं नव्हतं. केदार आणि यामिनी बाहेरच्या पायऱ्यांवर होते. बादलीचं आणि चपलेचं त्यांना तिथेच कळलं. यामिनी पायरीवर बसली. केदारने डोक्याला हात लावला, आणि या वेळी केसांची पर्वा केली नाही.

आतून खुर्ची करकरल्याचा आवाज आला.

अण्णा बाहेर आले. पायांत चपला होत्या. काठी खुर्चीलाच टेकून राहिली होती.

"अहो, काठी," माई म्हणाल्या.

अण्णांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि पायऱ्या उतरायला लागले.

मागच्या गल्लीत लूमच्या शेडबाहेर एक कामगार नुसत्या बनियनमध्ये बसून दात घासत होता. आत भिंतीला लागून सुताच्या कचऱ्याचा पांढरा ढीग छातीइतका उंच.

"साहेब," अण्णांनी हाक मारली.

"जी?" कामगार उठून उभा राहिला.

"आपको नहीं," आसावरीताई म्हणाल्या. "कुत्ता देखा क्या? बिना बालवाला?"

"मैनेजर?" त्याच्या तोंडातला फेस हसला. "हम लोग मैनेजर बोलते हैं उसको. काम कुछ नहीं, दिन भर सोता है और सबपे चिल्लाता है. कल से खा नहीं रहा पर. वो उधर."

केदारने दुसरीकडे बघितलं.

ढिगाच्या माथ्यावर खळगा करून ते बसलं होतं. गुलाबी, पिवळं, कानांमागे दोन झुपके न्हाव्याकडून राहून गेलेले. अण्णांना बघून उठलं. शेपूट म्हणून जे काही उरलं होतं ते एकदा हललं. मग त्याची नजर अण्णांच्या हाताकडे गेली आणि ते मागे सरकलं.

अण्णांनी दोन्ही हात पुढे केले. रिकामे. साहेब हातांकडे बघत राहिले. हातांकडे, मग पाठीमागे काही लपवलंय का तिकडे.

अण्णा तिथेच, तेलाने काळ्या झालेल्या फरशीवर, मांडी घालून बसले. ऑपरेशननंतर खाली बसायला त्यांना मनाई होती. माई पुढे झाल्या, पण आसावरीताईंनी त्यांचा दंड धरला.

"साहेब," अण्णा म्हणाले, "चूक झाली. परत होणार नाही."

हे वाक्य अण्णांनी सगळी नोकरीभर म्हटलं होतं. ओठांना पाठ होतं ते. पण आज अर्ध्यातच तुटलं, आणि त्यांना ते पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. साहेब लोक घेतात तेवढा वेळ घेतला. मग सूत उडवत ढिगावरून घसरत खाली आले, अण्णांचा उजवा हात हुंगला, डावा हुंगला, आणि मांडीत चढून बसले.

"तो ये सच में साहब का है?" कामगाराने विचारलं.

"नहीं," अण्णा म्हणाले. "हम साहब के हैं."

दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत जमले. कबुल्या देऊन झाल्या होत्या, शिक्षा कुणी देत नव्हतं, त्यामुळे कुणाला काय करावं ते सुचत नव्हतं. केदारने जगातला कुठलाही कुत्रा मोबाइलवर दाखवणारा पट्टा मागवल्याचं जाहीर केलं. यामिनी म्हणाली, फाटकाला आपोआप बसणारी कडी लावू, आणि यापुढे कुठल्याही कुत्र्यावर पाणी ओतण्याआधी नाव विचारू.

"पट्टा घ्या, कडी लावा," आसावरीताई म्हणाल्या. "गळ्यात असेल तोवर पट्टा, लागलेली असेल तोवर कडी. पण घरातल्या कुणाचं काही भादरलंत तर त्याच दिवशी सगळ्यांना सांगा. पोस्टरवरचा फोटो त्यानेच खरा राहतो."

अण्णा खुर्चीत होते. साहेब त्यांच्या पायांवर आडवे पसरले होते. माईंचं शिवायचं राहिलेलं पोलकं त्यांच्या अंगावर पांघरलेलं. घोरत होते.

माई अण्णांसमोर येऊन उभ्या राहिल्या. हात पदराला पुसत. खरं तर हात कोरडे होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "सकाळपासून एक शब्द बोलला नाहीत माझ्याशी. रागवा, ओरडा. म्हणा, अंधश्रद्धाळू आहे. तुमच्या जिवासाठी केलं आणि तुमचाच जीव टांगणीला लावला. पण असं गप्प नका राहू. मला सोसवत नाही."

केदार खिडकीकडे सरकला. बाहेर लूम बंद होते, त्यामुळे शांततेला आडोसाही नव्हता.

अण्णांनी माईंकडे बघितलं. डोळे भरून आले होते. चष्मा काढला, तो कुठे ठेवावा ते कळेना, परत लावला. सगळ्यांना वाटलं, आता लग्नापासूनचं सगळं निघणार.

"अगं," ते शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाले, "डाव्या पायाला मुंग्या आल्यात. त्याला न उठवता तेवढा सोडवता येतो का बघ ना."